शाकारलेली मोटरसायकल

हे सगळं २०२३ सालच्या फेब्रुवारीत घडलं. तेरा तारखेच्या सोमवारी सुरू झालं आणि पंधराच्या बुधवारी दुपारी संपलं. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांची होते. तोवर बाळंतपणं, मयती, वादळं असं पुष्कळ काही पाहून झालं होतं, आणि त्यांतल्या कितीतरी गोष्टींची सालंसुद्धा मला आता सांगता येत नाहीत. या तीन दिवसांचे मात्र तास आठवतात.

आम्ही आखातात, दुबईजवळच्या अजमानला राहत होतो, नुऐमियात, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. आम्ही म्हणजे माझा मुलगा अन्वर, सून तहसीन, नववीतली नात इनाया आणि मी. अन्वर आधी दुबईत, देऱ्याला, एका ट्रेडिंग कंपनीत होता, अकरा वर्षं. कोरोनात ती कंपनी बंद पडली. मग चाळिशी उलटलेल्या माझ्या मुलाने हेल्मेट चढवलं आणि मोटरसायकलच्या मागे पेटी लावून लोकांच्या घरी जेवण पोचवायला सुरुवात केली. त्याच्या व्हिसावर सगळं घर उभं होतं.

नोव्हेंबरच्या चौदा तारखेला वळणावर एका गाडीने त्याला उडवलं. उजव्या पायाच्या नळीचं हाड मोडलं, आत स्टीलची पट्टी बसवावी लागली. मोटरसायकलला त्या मानाने काही झालं नाही. आठवड्यात दुरुस्त होऊन आली आणि आमच्या इमारतीच्या खाली, जिन्याशेजारच्या कोपऱ्यात उभी राहिली. थंडीचे तीन महिने ती तिथून हलली नाही.

तिथल्या कायद्याने आजारपणाची रजा नव्वद दिवस मिळते. ते बारा फेब्रुवारीला संपले. सुपरवायझरने हिंदीत निरोप धाडला की सोमवार सकाळपासून बुधवार दुपारी बारापर्यंत वीस ऑर्डरी पोचवून दाखव, म्हणजे तू कामाला फिट आहेस असं मी वर कळवतो. नाही जमलं तर आयडी बंद. आयडी म्हणजे फोनमधला तो नंबर, ज्याच्यावर ऑर्डरी येतात. आयडी बंद म्हणजे नोकरी बंद आणि नोकरी बंद म्हणजे व्हिसा रद्द. दुसऱ्याची गाडी घेऊन चालणार नव्हतं, कारण आयडीला गाडीचा नंबर जोडलेला असतो, आणि तो बदलायला दहा दिवस लागतात. म्हणजे त्याच मोटरसायकलने वीस ऑर्डरी, अडीच दिवसांत. धडधाकट पायाने तो हे दीड दिवसात करायचा.

रविवारी त्याने गाडीवरची चादर काढली. बॅटरी मेली होती, नवी घातली. एकशेवीस दिरहम, म्हणजे सत्तावीसशे रुपये, असं तहसीन मोठ्याने म्हणाली, ती नेहमीच म्हणायची. सायलेन्सरमध्ये चिंध्या कोंबलेल्या पाहून अन्वर माझ्याकडे वळला.

"अम्मी, ही गाडी आहे, होडी नाही," तो म्हणाला, आणि हसला. मीही हसले. इमारतीला दोन चकरा मारून त्याने गाडी उभी केली. आवाज छान होता.

सोमवारी सकाळी पहिली ऑर्डर पोचली. दुसरी घेऊन जाताना गाडी बंद पडली. आधी जरा गचके दिले, मग धाप लागल्यासारखी झाली आणि थांबली. सेल्फ मारून उपयोग नाही. वीस मिनिटं उन्हात उभा राहिल्यावर आपणहून सुरू झाली, पंधरा मिनिटं चालली, परत बंद. दिवसभर हेच. संध्याकाळपर्यंत पाच ऑर्डरी झाल्या आणि चार रद्द झाल्या.

तो तसाच सनायात बाबाजीकडे गेला. सनाया म्हणजे कारखान्या-गॅरेजांचा भाग. बाबाजी देवगडकडचा, अठ्ठावीस वर्षं तिथल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मोटरसायकली दुरुस्त करत होता. आमच्याकडे ईदला यायचा, मला मावशी म्हणायचा. त्याने कार्बोरेटर खोलला. तीन महिने उभ्या गाडीतलं पेट्रोल सुकून आत गोंदासारखं चिकटलं होतं. त्याने ते साफ केलं, प्लग बदलला, जुनं पेट्रोल ओतून दिलं आणि म्हणाला, आता बिनधास्त जा. अन्वर घरी आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. येताना वाटेत बंद पडली नव्हती, पण वाट दहाच मिनिटांची होती.

मंगळवारी सकाळी त्याने टाकी काठोकाठ भरली आणि निघाला. बंद पडायचं काही थांबलं नाही, उलट लवकर पडायला लागली. दुपारी ऑर्डरी कमी असतात तेव्हा तो पुन्हा बाबाजीकडे गेला. बाबाजीने या वेळी टाकीच उतरवली आणि एका बाटलीत पेट्रोल भरून ती वर टांगली. नळीने इंजिनला पेट्रोल दिलं आणि गाडी चालू ठेवली. तासभर ती एका सुरात चालत राहिली. गचका नाही, धाप नाही.

"इंजिन ठणठणीत आहे," बाबाजी म्हणाला. "हबीबी, आता दोष तुझ्या पत्रिकेत."

"आमच्यात पत्रिका नसते, बाबाजी."

"मग काढून घे एखादी. कॉइल बदलतो, पेट्रोलचा कॉक बदलतो. याच्या पुढे मला काही दिसत नाही."

हे सगळं अन्वरने मला नंतर सांगितलं. मी तेव्हा रोजच्यासारखी खाली वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. पाच वाजत आले असतील. समोरच्या वळणावर तो दिसला आणि इमारतीपाशी पोचता पोचता गाडी बंद पडली. तो उतरला. मागच्या पेटीत कुणाचं तरी जेवण होतं. त्याने किल्ली काढली, पेट्रोल तरी आहे का पाहायला टाकीचं झाकण उघडलं, आणि मला तो आवाज ऐकू आला.

टाकीने श्वास आत ओढला. लांब, खोल. मी खुर्चीवरून उठले.

तो आवाज मी लहानपणी ऐकला होता. आमचं गाव जयगड खाडीवर. माझे बा तांडेल होते, त्यांची स्वतःची लाँच होती. पावसाळा आला की समुद्र बंद, मग होड्या ओढून वर घ्यायच्या आणि शाकारायच्या. शाकारणं म्हणजे नुसते नारळाचे झाप टाकणं नव्हे. पावसाचं पाणी आणि खारी हवा जिथून म्हणून आत जाईल ती प्रत्येक जागा बुजवायची. धुराच्या नळीत चिंध्या, लोखंडाला तेल, आणि डिझेलच्या टाकीच्या झाकणाला जे सुईएवढं छिद्र असतं त्याच्यात मेण. हे मेणाचं काम आम्हा मुलींचं. पावसाळा सरला की ते मेण काट्याने कोरून काढायचं, तेही आमचंच. एका वर्षी माझ्याकडून राहिलं. बा लाँच घेऊन निघाले आणि खाडीच्या तोंडाशी इंजिन बंद पडलं. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं तेव्हा असाच आवाज झाला. बा म्हणाले, रशीदा, पेट्रोल-डिझेल खाली उतरायचं तर वरून हवा आत यावी लागते, ते छिद्र बुजवलं तर टाकी स्वतःचाच गळा आवळते. मी आठ वर्षांची होते. ते ओरडले नव्हते.

आणि नोव्हेंबरात, अन्वर दवाखान्यात असताना, मी खाली जाऊन त्याची मोटरसायकल शाकारली होती. अजमानलाही समुद्रावरून दव येतं, मधूनच वाळूचा वारा सुटतो. मुलाच्या पायासाठी मला काहीच करता येत नव्हतं, मग गाडीसाठी केलं. सायलेन्सरमध्ये चिंध्या घातल्या, आणि इनायाच्या वाढदिवसाची उरलेली गुलाबी मेणबत्ती पेटवून झाकणावरच्या त्या छिद्रात दोन थेंब सोडले. चिंध्या सगळ्यांना दिसल्या. मेणावर धूळ बसून ते काळं झालं होतं, ते कुणाला दिसलं नाही, आणि मी तर पार विसरून गेले होते.

बाबाजीच्या बाटलीला झाकणच नव्हतं. म्हणून तिथे गाडी तासभर चालली.

हे सगळं मला त्या खुर्चीपाशी उभ्या उभ्या एका क्षणात समजलं. अन्वरने झाकण लावलं, सेल्फ मारला, गाडी लगेच सुरू झाली. त्याला वाटलं, उभी राहिली म्हणून सुरू झाली. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं, अम्मी? का उठलीस?"

"काही नाही," मी म्हटलं. "पाय अवघडला."

तो गेला. मी परत खाली बसले. वर गॅलरीत तहसीन कपडे वाळत घालत होती.

आता इथे मला जे लिहायचं आहे ते सरळ लिहिते. या सगळ्याच्या सहा वर्षं आधी, नवरा गेल्यावर, अन्वरने मला अजमानला आणलं. एकटी कशी राहशील म्हणाला, आणि त्याचं काही चुकलं नाही. पण त्या सहा वर्षांत असा दिवस गेला नाही की मला गाव आठवलं नाही. नवऱ्याची कबर तिथे, धाकटी बहीण तिथे, आजारी. तिकडे माणूस मेला तर त्याला तिथेच कुठेतरी वाळूत ठेवतात, या विचाराने मला झोप लागायची नाही. दर वर्षी विचारायचे, आणि दर वर्षी अन्वर म्हणायचा, इन्शाल्ला, पुढच्या वर्षी. सोमवारी रात्रीच्या जेवणाला तो थट्टेने म्हणाला होता, "नाही झालं तर खलास, गावी जाऊ. अम्मीची तरी इच्छा पुरी होईल." तहसीनने डाव भांड्यावर आपटला. इनाया म्हणाली, "पप्पा, दॅट्स नॉट फनी." मी मान खाली घालून जेवत राहिले, कारण माझा चेहरा त्यांना दिसायला नको होता.

म्हणून मंगळवारी मी गप्प राहिले. स्वतःला म्हटलं, मी काही केलेलं नाही, मी फक्त बोलले नाही. म्हटलं, बाबाजी एवढा कारागीर, तो शोधून काढेलच. म्हटलं, जे नशिबात असेल ते होईल. माणसाला गप्प राहायचं असलं की कारणं किती पटापट सुचतात.

मंगळवारी एकूण तेरा झाल्या. सात राहिल्या.

बुधवारी पहाटेच्या नमाजाला मी बसले, पण काय मागावं हे मला सुचेना. अन्वर निघताना माझ्यापुढे वाकला. पायाला सूज होती, बूट नीट चढत नव्हता. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि फी अमानिल्ला म्हटलं, अल्लाच्या हवाली. झाकण उघड, एवढं म्हणायला त्याहून जास्त वेळ लागला नसता.

तहसीन त्या सकाळी काही रांधत नव्हती. फोन समोर ठेवून बसली होती. अन्वर दर ऑर्डरीनंतर नुसता आकडा पाठवायचा. आठ वाजता चौदा. नऊला पंधरा. मग बराच वेळ काही नाही. पावणेअकराला सतरा. मी भाजी निवडायला घेतली आणि चांगली पानं टाकून देठ ताटात ठेवत गेले, ते मला नंतर दिसलं.

सव्वाअकराला फोन वाजला. तहसीनने स्पीकर लावला. मागे मोटारींचा आवाज होता. तो शारजाच्या हद्दीपाशी रस्त्याच्या कडेला उभा होता. गाडी बंद पडली होती, सेल्फ मारून मारून नवी बॅटरीही उतरली होती, आणि तो पट्टी घातलेल्या पायाने किक मारत होता. पेटीतली ऑर्डर तिथून दोन सिग्नलवर द्यायची होती, पुढच्या दोन त्याच भागातल्या होत्या. अजून पाऊण तास होता.

"कर ना काहीतरी," तहसीन म्हणाली. तिला स्वतःलाच माहीत नव्हतं कोणाला म्हणतेय.

"मी काय करू? सगळं करून झालं. तू सांग काय करू." मग दोनदा किक मारल्याचा आवाज आला. "अम्मीला म्हणावं, दुआ कर."

फोन माझ्यापासून हातभर अंतरावर होता. तहसीन माझ्याकडे बघत होती. मी उठले, गॅलरीत गेले आणि वाळलेले कपडे काढायला लागले. एक एक चिमटा काढून डब्यात टाकत होते. इनायाचा शाळेचा शर्ट, तहसीनच्या ओढण्या, अन्वरचा कंपनीचा टी-शर्ट. त्याच्या पाठीवर खांद्याच्या जागी घामाचं पांढरं मीठ धुऊनही गेलं नव्हतं. मी तो हातात धरून उभी राहिले. आत फोन बंद झाला होता.

अन्वर दीड वाजता आला. मोटरसायकल ढकलत आला होता, त्या उन्हात, त्या पायाने, शारजाच्या हद्दीपासून. दारातच जमिनीवर बसला. तहसीनने बूट काढायला घेतला तर निघेना, तिने कात्रीने नाडी कापली. पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत काळानिळा झाला होता. तो कण्हला नाही. भिंतीला डोकं टेकून रडला, लहानपणी रडायचा तसा, तोंड उघडं टाकून. मी त्याला तसं रडताना पस्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "अन्वर, टाकीच्या झाकणाला मी मेण लावलंय."

त्याने डोळे पुसले. "काय?"

"छिद्रात. नोव्हेंबरात. हवा आत जात नाही, म्हणून बंद पडते."

तो एका पायावर जिना उतरला. तहसीन मागे, मी त्यांच्या मागे. त्याने तहसीनची पिन घेऊन ते छिद्र कोरलं. वरून काळा, आतून गुलाबी असा मेणाचा तुकडा बाहेर आला, जोंधळ्याएवढा. वॉचमनने किक मारून दिली. गाडी सुरू झाली. आम्ही तिथे उभे राहून तिच्याकडे बघत राहिलो. दहा मिनिटं, पंधरा, वीस, अर्धा तास. ती बंद पडली नाही.

अन्वरने सुपरवायझरला फोन लावला. तो म्हणाला, भाई, बारा बजे सिस्टम ने बंद कर दिया, मेरे हाथ में नहीं है. सतरा झाल्या होत्या. तीन कमी पडल्या.

अन्वर मला एक शब्दही बोलला नाही, म्हणजे वाईट शब्द. उलट माझा हात धरून मला वर घेऊन आला. म्हणाला, तुला काय माहीत, तू तर प्रेमाने केलंस. पुढच्या दिवसांत जो भेटायला येई त्याला तो हे हसत सांगायचा, की आमच्या अम्मीने गाडी शाकारली, होडीसारखी. बाबाजी कपाळावर हात मारून म्हणाला, मावशी, मी कोकणातला असून माझ्या डोक्यात आलं नाही. मी त्यांच्यासमोर चहा ठेवायचे. ते मला ज्या गोष्टीची माफी देत होते ती गोष्ट वेगळीच होती.

व्हिसा रद्द झाला आणि देश सोडायला साठ दिवस मिळाले. अन्वरने पुष्कळ ठिकाणी अर्ज केले, पण त्याचा एक्स-रे पाहिला की सगळे नंतर कळवतो म्हणायचे. मार्चअखेर इनायाची परीक्षा झाली. रोज्यांच्या दिवसांत आम्ही सामान बांधायला घेतलं. एका दुपारी तहसीन काचेच्या बशा जुन्या कागदात गुंडाळत होती आणि मी तिला कागद देत होते. तिने वर न बघता विचारलं, "अम्मी, तुम्हाला आदल्या दिवशीच कळलं होतं ना?"

मी हातातला कागद ताणून सरळ केला.

"मी गॅलरीत होते. हे टाकीचं झाकण उघडत होते आणि तुम्ही एकदम उभ्या राहिलात. आणि बुधवारी फोन आला तेव्हा उठून गेलात." तिने बशी खोक्यात ठेवली, दुसरी घेतली. "ह्यांना सांगू नका. नोकरी गेली, पाय गेला. निदान आई राहू दे."

तिचा आवाज चढला नव्हता. मी तिला पुढचा कागद दिला.

आता कोणाचं काय झालं ते सांगते. मोटरसायकल बाबाजीने एका पेशावरच्या मुलाला विकून दिली, ती अजून चालते म्हणे. बाबाजी सनायातच आहे. देवगडला घर बांधून कुलूप लावून ठेवलंय, दर वर्षी येतो म्हणतो. इनायाने दहावी रत्नागिरीला केली. पहिलं वर्षभर ती माझ्याशी फारशी बोललीच नाही. आता मुंबईला होस्टेलवर आहे, आणि शिक्षण संपलं की अजमानला परत जाणार आहे, ते ती सगळ्यांना आधीच सांगून ठेवते. तहसीन रत्नागिरीत एका शाळेत इंग्रजी शिकवते. माझी औषधं, पथ्यं तीच सांभाळते. मला कधी उलट बोलली नाही, आणि माझ्याजवळ निवांत कधी बसलीही नाही. बहीण आम्ही आल्यानंतर चार महिन्यांनी गेली. ते चार महिने मला मिळाले. मी गावातच आहे, आणि इथेच राहीन.

अन्वर बर्फाचा टेम्पो चालवतो, बंदर ते रत्नागिरी. पावसाळ्यात पाय दुखतो. तहसीनचं मी दोन वर्षं ऐकलं, पण गेल्या रमजानमध्ये मला राहवलं नाही आणि मी त्याला सगळं सांगितलं, मंगळवारचं आणि बुधवारचंही. त्याने ऐकून घेतलं आणि उठून बंदरावर गेला. अकरा दिवस तो माझ्याशी बोलला नाही. जेवण ताटात घेऊन बाहेर जाऊन जेवायचा. बाराव्या दिवशी सकाळी दारात येऊन म्हणाला, तयार हो, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय, मी टेम्पो काढतो. मी त्याच्या शेजारी बसले. जाताना तो बर्फाच्या भावाबद्दल बोलला. येतानाही.